सल्लागार परिषद मिळेल हो, पण ती बसणार कुठल्या महिन्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातले काही लघुउद्योजक आणि शेतकरी मिळून सरकारला निवेदन देणार आहेत. कल्याण कर्नाटकाला (पूर्वीचा हैदराबाद कर्नाटक) जसं विकास मंडळ आहे तसं आपल्या कित्तूर कर्नाटकालाही (पूर्वीचा मुंबई कर्नाटक) हवं, आणि राज्याच्या आर्थिक नियोजनाला सल्ला देणारी स्थानिक जाणकारांची परिषद त्या मंडळात असावी, ही त्यांची मागणी. निवेदनाचा मसुदा दाखवून त्यांनी विचारलं आहे: अशा परिषदांनी खरंच काही फरक पडतो का, आणि मागायचंच तर नेमकं काय मागावं?

माझी सगळी नोकरी जिल्हा पातळीवरच्या नियोजनात गेली. आता निवृत्त आहे, उद्योग संघटनांना आणि ग्राम पंचायतींना प्रस्ताव तयार करून देतो. त्या अनुभवावर सांगतो. फरक पडतो. पण परिषदेत कोण बसलंय यावर तो फारसा अवलंबून नसतो. ती कधी बसते आणि तिनं दिलेल्या सल्ल्याला उत्तर देणं कुणाला भाग आहे, यावर सगळं ठरतं. तुमच्या मसुद्यात पहिली दोन पानं सदस्य कोण असावेत यातच गेली आहेत. तारखेचा आणि उत्तराचा एक शब्द नाही. घोडं पेंड खातं ते तिथेच.

आधी जे हातात आहे ते बघू. संविधानाच्या 74व्या दुरुस्तीनं कलम 243 झेडडी आलं. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असायला हवी. पंचायती आणि नगरसंस्था यांचे आराखडे एकत्र करून तिनं अख्ख्या जिल्ह्याचा मसुदा आराखडा करायचा आणि अध्यक्षांनी तो राज्य सरकारकडे पाठवायचा. समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य हे जिल्हा पंचायत आणि नगरसंस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडलेले असावे लागतात. आता बघा, आपल्याकडे जिल्हा पंचायतीची निवडणूक झाली 2016 मध्ये. मुदत संपली 2021 मध्ये. त्यानंतर वर्षामागून वर्षं प्रशासकाचा कारभार. निवडून आलेले सदस्यच नाहीत तर समितीत बसणार कोण? कागदावर समिती राहते, आराखडा कार्यालयातच जुळवला जातो. मीही तो असाच जुळवताना पाहिला आहे, त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. तारीख आलेली असते आणि तक्ते भरायचे असतात, एवढंच.

या कलमाचा तिसरा भाग मात्र फार कमी लोक वाचतात. आराखडा करताना पाण्याची वाटणी, जमिनीच्या वापराचं नियोजन, गाव आणि शहर यांचे सामाईक प्रश्न लक्षात घ्यावेत असं त्यात आहेच, पण पुढे असंही आहे की राज्यपाल आदेशानं ज्या संस्था आणि संघटना ठरवून देतील त्यांच्याशी समितीनं विचारविनिमय करावा. म्हणजे सल्लागार परिषदेचं बीज संविधानातच पडून आहे. त्याला नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही, लाल दिव्याची गाडी तर मुळीच लागत नाही. एक आदेश लागतो. तुमच्या निवेदनात या कलमाचा उल्लेखही नाही. माझ्या मते तो पहिल्या परिच्छेदात हवा.

कोल्हापूर, सांगलीकडे नातेवाईक असणाऱ्यांचा इथे एक घोळ होतो. त्यांच्याकडे डीपीडीसीची, म्हणजे तिथल्या जिल्हा नियोजन समितीची, बैठक म्हटली की पालकमंत्री, जिल्हा वार्षिक योजनेचे पैसे आणि दुसऱ्या दिवशी पेपरात रकाने. त्या समितीतून पैशाला मंजुरी मिळते. आपल्याकडे ज्या बैठकीची बातमी येते ती केडीपीची, म्हणजे कर्नाटक विकास कार्यक्रमाची आढावा बैठक. तिथे आधीच दिलेल्या पैशाचं काय झालं ते विचारतात. पैसा कुठल्या खात्याला, कुठल्या लेखाशीर्षाखाली किती, हे त्याआधीच राज्याच्या अर्थसंकल्पात आणि त्याच्या सोबतच्या 'लिंक डॉक्युमेंट'मध्ये ठरून गेलेलं असतं. जिल्हा पंचायतीच्या कुठल्याही लिपिकाला विचारा, तो सांगेल की लिंक डॉक्युमेंट आलं की खेळ संपला. उरते ती खर्च किती झाला याची टक्केवारी.

केडीपीची बैठक ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. अकराची बैठक बाराच्या आसपास सुरू होते. प्रगतीची जाडजूड पुस्तिका प्रत्येकाच्या पुढ्यात, कन्नडमध्ये, खातेनिहाय. सुरुवात शेतीपासून: पेरणी किती टक्के, बियाणं किती आलं, खताचा साठा किती. मग पिण्याचं पाणी, शाळेच्या खोल्या, डॉक्टरांच्या रिकाम्या जागा. आमदार मंडळी आपापल्या तालुक्याचा विषय धरून बसतात, आणि त्यात वावगं काही नाही, लोक त्यांनाच विचारतात. जिल्ह्यात 18 विधानसभा मतदारसंघ आहेत, प्रत्येकाचा एक प्रश्न म्हटला तरी दुपार सरते. जिल्हा उद्योग केंद्राचं पान पुस्तिकेच्या शेवटाकडे. तिथे पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेलेली असते. सहसंचालक उभे राहतात, उद्दिष्ट आणि साध्य असे दोन आकडे वाचतात, अध्यक्ष 'सरी' (ठीक) म्हणतात आणि पान उलटतं. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, मच्छे आणि होनग्याचे कारखाने, वडगाव-खासबागचे माग, यांच्या वाट्याला आलेला वेळ तो इतकाच. तुमच्या परिषदेचा एखादा सदस्य या बैठकीला निमंत्रित म्हणून बसवला तरी तो बोलणार कधी आणि बोलून उपयोग काय?

म्हणून महिना महत्त्वाचा. राज्याचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडला जातो. खात्यांचे प्रस्ताव त्याच्या कितीतरी आधी, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान आकार घेतात. जानेवारीत खातेनिहाय बैठका होतात तेव्हा वित्त खातं काटछाट करत असतं, नवीन कल्पना ऐकण्याच्या मनःस्थितीत कुणी नसतं. ग्राम पंचायतीचा विकास आराखडा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढे सरकतो. आणि बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधमध्ये, विधिमंडळाची ही इमारत 2012 मध्ये उभी राहिली, हिवाळी अधिवेशन भरतं ते साधारण डिसेंबरात. हे वेळापत्रक नीट पाहिलंत तर लक्षात येईल की सरकार आपल्या दारात येतं ते नेमकं प्रस्ताव ठरण्याच्या दिवसांत. इतकी चांगली संधी राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्याला नाही. आपण ती मोर्चे, धरणी आणि निवेदनांच्या फोटोंत घालवतो, सभागृह ती पहिल्या आठवड्याच्या गदारोळात घालवतं, आणि उत्तर कर्नाटकावरची चर्चा शेवटच्या दिवसांत उरकली जाते. सप्टेंबरात बसणारी परिषद हवी. मार्चनंतर बसणारी परिषद म्हणजे वरातीमागून घोडं.

आता मंडळांबद्दल. तुम्ही कल्याण कर्नाटकाचं उदाहरण दिलं आहे, ते जरा सांभाळून द्या. कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळाच्या पाठीशी कलम 371(जे) आहे, त्यासाठी संविधानात 98वी दुरुस्ती करावी लागली. त्यात मंडळाबरोबर शिक्षण आणि नोकऱ्यांतलं स्थानिक आरक्षणही आहे. अलीकडच्या अर्थसंकल्पांत त्या मंडळासाठी वर्षाला 5,000 कोटी रुपये जाहीर होत आले आहेत. बेळगाव त्यात नाही. पूर्वीचा मुंबई कर्नाटक, ज्याला नोव्हेंबर 2021 पासून कित्तूर कर्नाटक म्हणतात, त्याला असं कुठलंही संवैधानिक कवच नाही. राज्य सरकारनं साध्या कायद्यानं केलेलं मंडळ ही वेगळी गोष्ट, तशी मलनाड विकास मंडळासारखी मंडळं पूर्वीपासून आहेत. दोन्ही एकाच वाक्यात मागितलीत तर बेंगळूरचा अधिकारी पहिलं अशक्य म्हणून दुसरंही बाजूला ठेवेल.

आणि मंडळाला निधी मिळाला की काय होतं, तेही मी जवळून पाहिलं आहे. पैसा बघता बघता मतदारसंघनिहाय वाटला जातो. रस्त्याचा तुकडा, मोरी, समुदाय भवन, शाळेचं कंपाउंड. ही कामं वाईट नाहीत, पण ती ग्राम पंचायतीनंही केली असती. प्रदेश म्हणून विचार करायला जे मंडळ काढलं ते शेवटी आमदार फंडाची दुसरी वही होऊन बसतं. म्हणून माझं मत थोडं उलटं वाटेल असं आहे: परिषदेला निधी मागू नका. आकडे गोळा करायला दोन-चार माणसं आणि एक खोली मागा. पैसे वाटणाऱ्या समितीकडे ठेकेदार येतात, मग जाणकार हळूहळू यायचे बंद होतात.

महाराष्ट्राचा अनुभवही इथे कामाचा आहे. कलम 371(2) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळं 1994 मध्ये झाली, आणि 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली. त्यांच्या कामाबद्दल मतं वेगवेगळी आहेत. पण एक गोष्ट तिथे झाली ती आपल्याकडे व्हायला हवी. दांडेकर समितीनं 1984 च्या अहवालात अनुशेष मोजला. सिंचनात इतका, रस्त्यांत इतका, असं खातेनिहाय. पुढे केळकर समितीनं 2013 मध्ये मोजणीची पद्धत बदलायला सांगितली, त्यावरही वाद झाले. पण आकडा होता म्हणून विधिमंडळात भांडता आलं आणि राज्यपालांना निधीवाटपाबद्दल निर्देश देता आले.

आकडे आपल्याकडेही आहेत. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीनं 2002 मध्ये दिलेला अहवाल हा आजही कर्नाटकातल्या प्रादेशिक नियोजनाचा पाया आहे. 35 निर्देशक घेऊन त्या वेळच्या 175 तालुक्यांचा निर्देशांक काढला, राज्याची सरासरी 1 धरली, आणि 114 तालुके मागास ठरवले: 39 अतिमागास, 40 अधिक मागास, 35 मागास. आठ वर्षांत 31,000 कोटींची विशेष विकास योजना सुचवली. 2007-08 पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. 2024 मध्ये प्रा. एम. गोविंद राव यांच्या अध्यक्षतेखाली याच कामासाठी नवी समिती नेमली गेली. नंजुंडप्पांचं काम मी मनापासून मानतो. त्याआधी मागासलेपणा ही ज्याची त्याची ओरड होती, त्यांनी ती तक्त्यात आणली.

पण सीमेवरच्या तालुक्यांत हा तक्ता चुकतो, आणि तुमच्या परिषदेचं खरं काम इथे आहे. निर्देशक राज्याच्या हद्दीत मोजले जातात. आपलं अर्थकारण हद्दीत मावत नाही. लोकसंख्येमागे रुग्णालयातल्या खाटा घ्या. बेळगावात त्या भरपूर दिसतात, कारण शहरातली मोठी रुग्णालयं महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजच्या रुग्णांनीही भरलेली असतात. त्या खाटांवर कोण झोपलंय हे निर्देशांकाला ठाऊक नसतं. उलट निपाणी, चिकोडी, कागवाडकडचा माणूस दुखणं वाढलं की कोल्हापूर नाहीतर मिरज गाठतो. त्याचा खर्च तिकडे नोंदला जातो. रोजगाराचंही तेच. शिनोळीच्या एमआयडीसीत बेळगावच्या पश्चिम भागातली मुलं रोज दुचाकीवरून कामाला जातात, निपाणीची कागलच्या पंचतारांकित वसाहतीत. कारखाना महाराष्ट्राच्या खात्यात, कामगार कर्नाटकाच्या. त्याच्यासाठी बस कुणी सोडायची, त्याच्या कौशल्य प्रशिक्षणाचा विचार कुणी करायचा? दोन्ही राज्यांच्या आराखड्यांत तो नाही.

चंदगड तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेनं तालुका गेला, बाजार गेला नाही. काजू, भाजी, लग्नाचा बस्ता, ट्रॅक्टरचे सुटे भाग, सगळं अजून बेळगावातच. तिसरी बाजू गोव्याची. गोव्याच्या स्वयंपाकघरातली भाजी मोठ्या प्रमाणात बेळगावातून जाते, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटानं. पावसाळ्यात तो रस्ता उखडला की इकडे कोबी-फ्लॉवरचा भाव पडतो आणि तिकडे चढतो. हा रस्ता खानापूर तालुक्यातल्या रहदारीच्या हिशेबानं दुरुस्त करायचा, की तीन राज्यांच्या व्यापाराचा म्हणून? ज्या तक्त्यात फक्त तालुका आहे तो तक्ता पहिलंच उत्तर देणार.

तालुका हे एकक धरण्यातही गोम आहे. बेळगाव तालुक्याच्या सरासरीत महापालिका, बँका, वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयं सगळं येतं, आणि कुद्रेमनी किंवा बेळगुंदीच्या शिवारातला शेतकरी त्या सरासरीत विरघळून जातो. जिल्हा मुळात अवाढव्य. 13,415 चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेत 47.79 लाख लोक, आता 15 तालुके. कणकुंबीत धो धो पाऊस आणि रामदुर्गात दुष्काळ, हे एकाच जिल्ह्याच्या एकाच अहवालात. चिकोडी आणि गोकाक वेगळे जिल्हे करा ही मागणी त्यामुळेच जुनी आहे. ते होईल तेव्हा होईल.

आता कुणी म्हणेल, राज्यांच्या मधले प्रश्न हे परिषदेचं काम नाही, त्यासाठी केंद्राची व्यवस्था आहे. आहे खरी. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यानंच विभागीय परिषदा केल्या, केंद्रीय गृहमंत्री त्यांचे अध्यक्ष. सल्लागार स्वरूपाच्याच. त्यांच्या विषयांत आर्थिक आणि सामाजिक नियोजन आहे, सीमातंटे आहेत, भाषिक अल्पसंख्याक आणि आंतरराज्य वाहतूकही आहे. म्हणजे आपला सगळा संसारच त्या यादीत आहे. पण गंमत अशी की कर्नाटक दक्षिण विभागीय परिषदेत बसतं, महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम विभागीय परिषदेत. ज्या दोन शेजाऱ्यांशी बेळगावचा रोजचा व्यवहार, ते दुसऱ्याच खोलीत. केरळ आणि तमिळनाडूबरोबर बसून आपण चोर्ला घाटाचं काय बोलणार?

मग प्रसंग पडेल तशा बैठका होतात. नोव्हेंबर 2022 मध्ये दोन्ही राज्यांचे राज्यपाल कोल्हापुरात सीमेवरच्या जिल्हाधिकाऱ्यांना घेऊन बसले. त्याच डिसेंबरात सीमावाद तापल्यावर केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावलं आणि दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री घेऊन समिती करायचं ठरलं. कृष्णेला पूर आला की, 2005 आणि 2019 चा अनुभव पाठीशी असल्यानं, कोयनेचा विसर्ग आणि अलमट्टीची पातळी यावर दोन्हीकडचे अभियंते एकमेकांना फोन करतात. उन्हाळ्यात आपल्याकडची नदी आटली की कोयना-वारणेतून पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राला पत्र जातं. हे सगळं चालतं, पण संकट आल्यावर. पूर ओसरला की फाइल बंद. वर्षभर चालणारी, कुणाच्याही अस्मितेला धक्का न लावता दूध, भाजी, कामगार आणि पाणी यावर बोलणारी जागा नाही.

(सीमाप्रश्नाबद्दल इथे मुद्दाम काही लिहीत नाही. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, जे व्हायचं ते तिथे होईल. तुमच्या निवेदनातही तो विषय आणू नका. एकदा तो शब्द आला की ट्रान्सफॉर्मरबद्दलचं तुमचं पान कुणी वाचत नाही.)

सल्ला न घेतल्याची किंमत काय, हे बघायला लांब जायला नको. बळ्ळारी नाल्याच्या काठावर उभं राहा. शहापूर, वडगाव, येळ्ळूर, धामणेची भाताची शिवारं, बेळगावची सगळ्यात कसदार जमीन. शहर वाढलं, सांडपाणी आणि गाळ नाल्यात आला, पात्र अरुंद झालं, आणि दरवर्षी जुलैत रोप लावणीनंतर पाणी शेतात शिरतं. कधी दुबार पेरणी, कधी तीही नाही. नाल्याचा एक भाग महापालिकेचा, एक पाटबंधारे खात्याचा, बाकीचा वेगवेगळ्या ग्राम पंचायतींच्या हद्दीतला. प्रत्येकाच्या आराखड्यात त्याचा एकेक तुकडा येतो. त्याच शिवारातून हलगा-मच्छे बायपास नेण्याचं ठरलं आणि शेतकरी कोर्टात गेले, वर्षानुवर्षं ते प्रकरण गाजतं आहे. बायपास हवा की नको यात मी पडत नाही. रस्त्याचा भराव पडला की नाल्याचं पाणी कुठे जाईल, हे त्या शिवारातला कुठलाही शेतकरी आखणीच्या दिवशीच सांगू शकला असता. त्याला विचारायची जागा नव्हती. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनाही 1981 मध्ये भावासाठी शरद जोशींबरोबर हायवेवर बसावं लागलं, गोळीबारापर्यंत गोष्ट गेली. तिथेही त्याआधी बोलायला टेबल नव्हतं.

नाला हा गाव आणि शहर यांचा सामाईक प्रश्न, म्हणजे 243 झेडडी मध्ये शब्दशः लिहिलेला विषय. तुमच्या परिषदेनं पहिल्या वर्षी फक्त हा एक नाला हातात घेतला तरी लोक तिला ओळखू लागतील.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मसुद्यात एक ओळ आहे म्हणून लिहितो. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या नोटिसा, नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, हा 1956 मध्ये ठरलेल्या संरक्षणांपैकी एक आहे. आराखड्याचा गोषवारा मराठीतही मिळावा ही मागणी रास्तच आहे, ती स्वतंत्रपणे करा. पण प्रस्ताव द्याल तो कन्नडमध्ये द्या, सोबत मराठी प्रत जोडा. विषयपत्रिका समजली नाही म्हणून माना डोलावणारे आपलेच सदस्य मी पाहिले आहेत, आणि त्या डोलावलेल्या मानेखाली मंजूर झालेली कामंही. तुमच्यातल्या दोघा-तिघांचं कन्नड चांगलं आहे, त्यांना पुढे करा.

तर निवेदनात काय असावं? मंडळाची मागणी ठेवायची तर ठेवा, पण ती मागच्या पानावर जाऊ दे. पुढच्या पानावर राज्यपालांच्या आदेशाची मागणी: कलम 243 झेडडी खाली बेळगाव जिल्हा नियोजन समितीनं कुणाशी विचारविनिमय करावा ती यादी जाहीर व्हावी. यादीत उद्योग आणि व्यापार संघटना, ऊस, भाजी आणि दूध उत्पादकांच्या संस्था, मागवाले, व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ), राणी चन्नम्मा विद्यापीठ, धारवाडचं कृषी विद्यापीठ. व्यक्तींची नावं घालू नका, संस्थांची घाला. व्यक्तींच्या नावावरून परिषद बसायच्या आधीच भांडण लागतं. बैठक दरवर्षी सप्टेंबरात, आणि दुसरी एप्रिलमध्ये, अर्थसंकल्पात काय आलं ते तपासायला. प्रत्येक शिफारशीला संबंधित खात्यानं ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावं. 'होय' असेल तर कुठल्या लेखाशीर्षाखाली, 'नाही' असेल तर का. ती उत्तरं हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी आमदारांच्या हातात असावीत. मला विचाराल तर सगळ्या निवेदनातली हीच ओळ अधिकाऱ्यांना सगळ्यात जास्त टोचेल, म्हणून तीच शेवटपर्यंत धरून ठेवा. बाकीच्यात तडजोड चालेल.

त्याबरोबर सीमेपलीकडची मोजणी मागा: शिनोळी आणि कागलला रोज किती माणसं जातात, बेळगावच्या रुग्णालयांत बाहेरच्या राज्यातले रुग्ण किती, चोर्ला आणि अनमोड मार्गे माल किती जातो. कोल्हापूर, सांगली आणि गोव्याच्या नियोजन अधिकाऱ्यांना कायम निमंत्रित म्हणून बोलवावं, मताधिकार नको. गोविंद राव समितीच्या कामाचा हवाला देऊन हे मागितलंत तर ते नवीन खूळ वाटणार नाही.

हे होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. नाबार्ड दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याचा संभाव्य पतपुरवठ्याचा आराखडा करतं, त्यावरून लीड बँकेची वार्षिक पतयोजना ठरते. या कामातला अधिकारी स्वतःहून माहिती शोधत असतो, कारण त्याला ती लागते. पण त्याच्याकडे कुणी जात नाही. तुमच्या भागात शीतगृह, गुऱ्हाळं, मागांचं नूतनीकरण यासाठी कर्जाची मागणी किती आहे हे कागदावर नेऊन द्या, पुढच्या आराखड्यात आकडा दिसेल. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची एक खिडकी समिती 15 कोटींपर्यंतच्या प्रकल्पांना मंजुरी देते, तिथे जमीन, वीज, पाणी या तिन्ही खात्यांचे लोक एका टेबलावर सापडतात. ग्राम पंचायतीच्या पीडीओला (पंचायत विकास अधिकाऱ्याला) ऑक्टोबरच्या आधी भेटा, नंतर त्याचा आराखडा अपलोड झालेला असतो.

आणि प्रस्ताव कसा लिहायचा ते एका उदाहरणानं सांगतो, कारण तुमच्या मसुद्यात 'औद्योगिक वसाहतीत पायाभूत सुविधा सुधाराव्यात' असं वाक्य आहे. या वाक्याचं उत्तर 'क्रम घेतला जाईल', म्हणजे कार्यवाही होईल, असं येतं आणि तिथेच ते मरतं. त्याऐवजी असं लिहा: अमुक फीडरवर (वीजवाहिनीवर) गेल्या वर्षभरात वीज किती वेळा गेली, तारखांसह. इंडक्शन फर्नेसमध्ये धातू वितळत असताना वीज गेली की चार्ज, म्हणजे आतला धातू, भट्टीतच गोठतो, लायनिंग (आतलं अस्तर) फोडून काढावं लागतं, ती पाळी आणि पुढची पाळी वाया. एका वेळचं नुकसान इतके रुपये, फीडरवरच्या भट्ट्या इतक्या. हेस्कॉमनं (आपल्या वीज कंपनीनं) फीडर वेगळा करायला खर्च इतका येईल. हे एका पानात बसतं. हेस्कॉमच्या कार्यकारी अभियंत्याला त्यावर होय किंवा नाही म्हणावंच लागतं, आणि त्याचं नाही सुद्धा तुमच्या कामाचं असतं, कारण पुढचा कागद कुणाकडे न्यायचा ते त्यातून कळतं.

निवेदनाच्या प्रती पालकमंत्री, जिल्हा पंचायतीचे सीईओ, मुख्य नियोजन अधिकारी आणि बेंगळूरला नियोजन खात्याच्या सचिवांना द्या. राज्यपालांच्या कार्यालयाला स्वतंत्र पत्र, त्यात फक्त 243 झेडडीचा मुद्दा, दुसरं काही नको. पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा. जिल्ह्यातल्या अठराही आमदारांना प्रत जाऊ दे, पण अधिवेशनाच्या तोंडावर नको, ऑगस्टमध्येच, म्हणजे प्रश्न विचारायला त्यांच्या हातात वेळ राहील.